कुसुमडीहचं गोदाम

पंचफुलाबाई चुन्यानं मारलेल्या रेघेपासून निघाली आणि मोठ्यानं मोजत सुपेल्याच्या गल्लीतून चालू लागली. वीस म्हणून ती जागच्या जागी उभी राहिली. देवानंदनं फीत तिच्या टाचेपर्यंत ताणली. सदतीस फूट. त्यानं वहीत आकडा लिहिला आणि तिला पुन्हा एकदा चालायला सांगितलं. दुसऱ्यांदा साडेछत्तीस भरले.

"तवा माह्यं पाऊल लांब होतं," ती म्हणाली. "आता गुडघे धरतेत."

त्यानं वहीचं मागचं पान काढलं. रेल्वेच्या जुन्या नकाशाप्रमाणे कुसुमडीह स्टेशनच्या बत्तीखोलीपासून पहिल्या सिग्नलपर्यंत आठशे ऐंशी फूट होते. बाईनं मागच्या रविवारी तेच अंतर चारशे बारा पावलं सांगितलं होतं. भागाकार केला तर एक पाऊल दोन फूट दीड इंचाचं येत होतं. पस्तिशीतल्या, दोन्ही हातांत सिग्नलवर टांगायचे कंदील घेतलेल्या बाईचं पाऊल तेवढं असू शकतं. हिशेब पटत होता. तरी देवानंदनं त्या आकड्याखाली रेघ मारली नाही. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय रेघ मारायची नाही, ही त्याची सवय होती.

देवानंद पोलाद कारखान्याच्या रेल्वे विभागात ड्राफ्ट्समन होता. त्याचे वडील गोंदियाला गार्ड होते. नागपुरात शिकत असताना एका रिटायर्ड ड्रायव्हरच्या घरी त्यानं टेबलावर मांडलेलं एक स्टेशन पाहिलं होतं. फलाट, सिग्नल, पाण्याची टाकी, सगळं खऱ्यासारखं, फक्त लहान. तेव्हापासून त्याला हा नाद लागला. लोक त्याला खेळ म्हणत. देवानंदला तो शब्द आवडत नसे. खेळात रूळ कुठंही टाकता येतात. त्याला ते जिथं होते तिथंच टाकायचे असत.

गेलं वर्षभर तो कुसुमडीह बांधत होता. एक फलाट, एक लूप लाइन आणि मालाच्या डब्यांसाठी एक वाकडी सायडिंग, एवढंच ते स्टेशन. कारखाना आला तसं सत्तावन साली ते बंद झालं, आणि आता तिथं कोळशाचे आणि लोहदगडाचे डबे दिवसरात्र उभे असत. सेक्टर सहाच्या क्वार्टरमधल्या पुढच्या खोलीत, लांबलचक फळीवर, ते स्टेशन पुन्हा उभं राहत होतं. आठ फुटांना एक इंच असं माप. तांब्याच्या तारेचे रूळ, काड्यापेटीच्या काड्यांचे स्लीपर, चहाच्या डब्याच्या पत्र्यातून कापलेलं गोदामाचं छप्पर. विभागातल्या भैय्याजी साहेबांनी ते एकदा पाहिलं आणि फेब्रुवारीतल्या प्रदर्शनात ठेवायचं ठरवून टाकलं. कारखान्याआधी इथं काय होतं ते लोकांना कळू दे, असं त्यांचं म्हणणं.

नकाशा मिळाला होता, पण तो एकोणतीस सालचा. त्यानंतर बारीकसारीक पुष्कळ बदललं असणार. म्हणून देवानंद जुन्या माणसांच्या शोधात निघाला आणि त्याला पंचफुलाबाई सापडली. ती मूळची भंडाऱ्याकडची. तिचा नवरा दौलतराव कुसुमडीहला काटेवाला होता, म्हणजे गाडी या रुळावरून त्या रुळावर घ्यायचा लोखंडी खटका ओढणारा. बत्तीखोलीतून सिग्नलचे दिवे नेऊन द्यायचं काम बाई करायची. दौलतराव वारून पुष्कळ वर्षं झाली होती. बाई सुपेल्याच्या चौकाजवळ मुरमुरे-फुटाणे विकायची. एकेचाळीस सालापर्यंतचं कुसुमडीह तिला पाठ होतं, म्हणून देवानंदनंही आपल्या स्टेशनासाठी तेच साल धरलं. त्यानंतर ती तिथं का नव्हती, हे त्यानं विचारलं नव्हतं.

फीत गुंडाळता गुंडाळता त्यानं आणखी काही गोष्टी विचारून घेतल्या. फलाटाला उतार किती पायऱ्यांचा होता? तीन, तिसरी फुटलेली. विहीर स्टेशनमास्तरच्या क्वार्टरच्या कोणत्या अंगाला? उगवतीला. खटका कसा होता? जड होता, ती म्हणाली, तीन हिसक्यांत पडे, आणि तिसऱ्या हिसक्याला पाय टेकवावा लागे. बोलताना तिचा उजवा पाय जमिनीत रुतल्यासारखा पुढं आला. देवानंदच्या ते लक्षात राहिलं. दिवे नेऊन देणाऱ्या बाईला खटक्याचं वजन कसं ठाऊक?

मग त्यानं गोदामाचं विचारलं. खटक्यापासून गोदाम किती पावलांवर होतं?

बाईनं चुन्याच्या रेघेकडं पाहिलं. "कागदावर काय हाय?" तिनं विचारलं.

नकाशात बहात्तर फूट होते. पण देवानंदनं ते सांगितलं नाही. तुम्हाला काय आठवते ते सांगा, असं तो म्हणाला. बाईनं पदर खोचला, आपली पाटी उचलली आणि चौकावर गिऱ्हाईक थांबलं असेल म्हणून निघून गेली. चौकात गिऱ्हाईक नव्हतं. सायकलवर टांग मारताना त्यानं वळून पाहिलं तेव्हा ती पाटीपुढं नुसती बसली होती.

घरी आल्यावर कमलिनीनं, त्याच्या बायकोनं, भाकरी वाढता वाढता विचारलं की आज तरी काम झालं का. शेजारणी विचारतात, ती म्हणाली, की तुमचे मिस्टर दर रविवारी सुपेल्याला कोणाकडं जातात. सरहद्दीवरची लढाई होऊन तीन महिनेही झाले नव्हते. कॉलनीत जो तो दुसऱ्याच्या रेडिओचा आवाज ऐकत होता आणि कोण कशाचे फोटो काढतो ते बघत होता. देवानंदनं शेजारणींचं मनावर घेतलं नाही. त्याच्या डोक्यात गोदाम होतं. साऱ्या गोष्टी पावलांत सांगणारी बाई एकाच गोष्टीला कागदावर काय आहे म्हणून का विचारते?

"तिले आठवत नसन," कमलिनी म्हणाली.

"फुटलेली पायरी आठवते तिले," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी तो सुपेल्याला गेला नाही. कुसुमडीहच्या बाजूला रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये काम केलेला हिरा नावाचा एक छत्तीसगढी माणूस आता कारखान्याच्या यार्डात होता. रूळ तपासत चालणं हे त्याचं काम. देवानंद त्याला यार्डाबाहेरच्या चहाच्या टपरीवर भेटला. हिरा फार बोलणारा नव्हता. गोदामाचं नाव काढल्यावर त्यानं कपातला चहा संपवला, कप उपडा ठेवला आणि मग हिंदीतून हळूहळू सांगितलं.

एकेचाळीसच्या मार्चमध्ये एक मालगाडी सायडिंगमधले डबे घेऊन निघून गेली. एक बिघडलेला डबा मागं राहिला, कुसुमाच्या झाडाखाली. मागं राहिलेल्या डब्याच्या चाकाखाली लाकडी ठोकळा लावायचा, हे काम काटेवाल्याचं. ठोकळा लागला नाही. सायडिंगला उतार होता. अर्ध्या तासानं डबा आपोआप सरकत मुख्य रुळावर गेला आणि तिथं ट्रॉली ढकलत आणणाऱ्या माणसाला त्यानं चिरडलं. तो माणूस हिराचा मोठा भाऊ, फिरतू. चौकशीत दौलतराव म्हणाला की खटक्याजवळ उभं राहिलं की गोदाम आड येतं, डबा दिसलाच नाही. साहेबांनी ते मानलं नाही. दौलतरावची नोकरी गेली, क्वार्टर गेलं. तो त्यानंतर चारेक वर्षंच जगला.

गोदाम खरंच आड येत होतं का, असं देवानंदनं विचारलं.

हिरानं खांदे उडवले. तो तेव्हा दुसऱ्या गँगवर होता, भावाला उचलायला आला तेव्हा त्यानं गोदाम पाहिलं नाही. मग तो म्हणाला की त्या बाईच्या हातचे मुरमुरे त्यानं आजवर घेतले नाहीत. वाईट काही बोललाही नाही. पण घेतले नाहीत.

सायकल हातात धरून परतताना देवानंदला सगळं लख्ख दिसल्यासारखं झालं. एकोणतीसच्या नकाशात गोदाम खटक्यापासून बहात्तर फुटांवर होतं, सायडिंगच्या वळणाच्या आतल्या बाजूला. तिथं ते असेल तर कुसुमाचं झाड त्याच्या मागं जात होतं, आणि झाडाखालचा डबा खटक्यापाशी उभ्या माणसाला दिसणं शक्य नव्हतं. म्हणजे दौलतराव खरा ठरत होता. आणि हे सगळं प्रदर्शनात, रेल्वेच्या आणि कारखान्याच्या माणसांसमोर, मापात बांधून मांडलेलं असणार होतं. बाई त्याला वर्षभर पावलं मोजून देत होती ती यासाठी. कागद आपल्या बाजूचा आहे की नाही एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. त्याला राग आला. आजवर तिनं दिलेल्या प्रत्येक आकड्याकडं त्यानं नव्यानं पाहिलं. चारशे बारा पावलं खरी असतील कशावरून?

दोन ठिकाणांहून खात्री करायची, तर दुसरं ठिकाण आता एकच उरलं होतं, ते म्हणजे जमीन.

शनिवारी दुपारी अर्धी सुट्टी घेऊन तो फीत, वही आणि लोखंडी पहार घेऊन यार्डाच्या पश्चिमेच्या कडेला गेला. नवे रूळ भरावावर होते, पण कुसुमडीहची सायडिंग भरावाच्या खालच्या अंगाला पडत होती. बोरीच्या झुडपांत त्याला आधी खटक्याचा सिमेंटचा ओटा सापडला, अर्धा उखडलेला. तिथून फीत लावून तो बहात्तर फुटांवर गेला आणि पहारीनं टोचून पाहू लागला. माती भुसभुशीत होती, पहार आत जात होती. त्यानं चारी बाजूंना टोचलं. दगड लागला नाही. तो पुढं सरकत गेला. एकशे आठ फुटांवर पहार खणकन वाजली. त्यानं बोटांनी माती उकरली. चुन्यात बसवलेला पायाचा दगड होता, आणि त्याच्या ओळीत दुसरा, तिसरा, असा अठ्ठेचाळीस फूट लांब पाया. केव्हातरी वादळात म्हणा, आगीत म्हणा, जुनं गोदाम गेलं असणार आणि नवं छत्तीस फूट पुढं बांधलं असणार. पायावर उरलेल्या विटांवर भट्टीचा ठसा होता, आणि ठशात साल होतं. छत्तीस.

म्हणजे एकेचाळीसमध्ये गोदाम इथं होतं. तो ओट्यावर जाऊन उभा राहिला आणि अजून उभ्या असलेल्या कुसुमाच्या झाडाच्या बुंध्याकडं पाहिलं. मधे काहीच येत नव्हतं. चौकशी करणारे साहेब बरोबर होते.

त्यानं आकडा वहीत लिहिला, त्याच्याखाली दोन रेघा मारल्या, आणि मान वर केली तेव्हा सुरक्षेचा जवान समोर उभा होता.

चौकीवर त्याला दोन तास बसवून ठेवलं. यार्डाच्या कडेला फीत लावून काय मोजत होता? वहीत रुळांचे नकाशे कशासाठी? कोणासाठी? देवानंदनं ओळखपत्र दाखवलं. मी स्टेशन बनवतो, असं तो म्हणाला. कसलं स्टेशन? लहान, लाकडाच्या फळीवर. जवानानं दुसऱ्या जवानाकडं पाहिलं. इथं तर स्टेशनच नाही, असं तो म्हणाला. देवानंदनं सांगितलं की पूर्वी होतं. जे आता नाही ते कशाला मोजायचं, या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर होतं, पण ते चौकीत बोलून दाखवताना त्याचं त्यालाच खोटं वाटलं. जितकं खरं सांगावं तितके समोरचे चेहरे अधिक घट्ट होत गेले. शेवटी भैय्याजी साहेबांचा फोन आला तेव्हा त्याला सोडलं. वही ठेवून घेतली. ती चार दिवसांनी परत मिळाली, पानापानावर कोणाची तरी तांबडी टिकमार्क घेऊन.

वही मिळाल्यानंतरच्या रविवारी तो पंचफुलाबाईकडं गेला. ती घरापुढं बसून मुरमुऱ्यांतले खडे निवडत होती. तिनं बसायला दिलेलं पोतं त्यानं घेतलं नाही. उभ्यानंच तो म्हणाला की हिरा भेटला होता, फिरतूचं आणि दौलतरावांचं सगळं कळलं, आणि गोदामाबद्दल तुम्ही कागदाचं का विचारत होता तेही समजलं. नवऱ्याचं नाव धुऊन निघावं असं कोणालाही वाटणारच, पण ते असं माझ्या हातून चुकीचं स्टेशन बांधून घेऊन नाही. हे सगळं त्यानं घरून येताना मनात जुळवून आणलं होतं, आणि जुळवल्याप्रमाणे बोलून झालं.

बाईनं सूप खाली ठेवलं नाही. खडे निवडतच ती बोलली.

"खटक्यावर तो नव्हता, बाबू. मी होती."

देवानंदनं तिच्या उजव्या पायाकडं पाहिलं.

"तेले ताप होता. हिवताप, दर दोन महिन्याले ये. मास्तरले उघड सांगतलं असतं त दुसरा मानूस आनला असता. म्हनून तवा मीच जाओ. मास्तरले मालूम होतं, तो काही म्हने नाही." तिनं एक खडा बाजूला टाकला. "मालगाडी गेली. मी सायडिंगकडं पाह्यलं. एकबी डबा नव्हता. मंग ठोकळा कायच्या खाली लावू? मी घरी गेली, तेच्या कपाळावरची पट्टी बदलून राहिली होती तं आवाज आला."

चौकशीत दौलतरावनं स्वतःचं नाव सांगितलं. बाईमाणसाच्या हाती खटका होता असं कळलं असतं तर मास्तरचीही नोकरी गेली असती आणि तिला धरून नेलं असतं. मग साहेबांनी त्याला विचारलं की डबा का दिसला नाही. तो तर खाटेवर होता, त्याला काय ठाऊक. आदल्या दिवशी त्यानं बायकोला विचारून घेतलं होतं, आणि तिनंच सांगितलं होतं की गोदाम आड आलं असेल.

"असन, म्हटलं मी," पंचफुलाबाई म्हणाली. "आलं होतं असं नाही म्हटलं. बावीस वर्सं झाले. मी त्या गोदामाले मनात इकडून तिकडं सरकवून राहिली. कवा जवळ वाटते, कवा दूर. आता खरं कुठं होतं ते मलेच समजत नाही. तुमी आले न् कागद हाय म्हनाले. मले वाटलं, कागदाले तरी मालूम असन."

गल्लीतून एक बैलगाडी गेली. मग बाईनं मान वर केली. तुम्हाला यार्डात पकडलं हे साऱ्या सुपेल्याला माहीत आहे, असं ती म्हणाली.

"गोदामाचे दगड भेटले का जी?"

वही त्याच्या खिशात होती. तिचा कोपरा छातीला टोचत होता.

"नाही," देवानंद म्हणाला. "सगळं भरावाखाली गेलं."

मग त्यानं पोतं ओढून घेतलं आणि खाली बसला. काही वेळानं त्यानंही सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

त्या आठवड्यात त्यानं कुसुमडीह पूर्ण केलं. सिग्नलचे खांब रंगवले, फलाटाची तिसरी पायरी ब्लेडनं फोडली, विहिरीवर रहाट बसवला. कुसुमाच्या झाडाला वाळलेल्या शेवाळाची पानं लावली. गोदाम सगळ्यात शेवटी ठेवलं, खटक्यापासून मोजून नऊ इंचांवर, म्हणजे बहात्तर फुटांवर. प्रदर्शनात नकाशाही टांगायचा होता, आणि नकाशाप्रमाणेच तर होतं. कोणी विचारलं असतं तर त्याला कागद दाखवता आला असता. ही त्याच्या हातून ठरवून झालेली पहिली चूक होती. काम करताना तो त्या चुकीकडं पाहणं टाळत राहिला.

"हे कावून नाही चिकटवलं?" कमलिनीनं फळीवरची धूळ झटकताना विचारलं. गोदाम तिच्या फडक्यानं जरासं हललं होतं.

"चिकटवीन," तो म्हणाला, आणि ते बोटानं पुन्हा नऊ इंचांवर आणलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, दुपारी, पंचफुलाबाई सेक्टर सहाला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक येऊन फळी उचलून नेणार होता. तिथं गर्दीत मला नीट दिसणार नाही, आजच बघू द्या, असा तिचा निरोप होता. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. कमलिनीनं तिला बसायला खुर्ची दिली, पण ती बसली नाही. फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती सावकाश चालत गेली. बत्तीखोलीजवळ थांबली. फुटक्या पायरीजवळ थांबली आणि तोंडाला पदर लावून थोडी हसली. हे तुम्ही कसं केलं, असं तिनं विचारलं नाही. जे जिथं असायचं ते तिथं असल्यासारखी ती पाहत होती.

"डबा हाय का?" तिनं विचारलं.

देवानंदनं खोक्यातून एक मालडबा काढून दिला. तिनं तो स्वतःच्या हातानं कुसुमाच्या झाडाखाली ठेवला. मग ती खटक्याच्या बाजूला आली, भिंतीचा आधार घेत गुडघ्यांवर बसली, आणि हनुवटी फळीला टेकवली. खटका म्हणजे काळी रंगवलेली टाचणी होती. तिनं तिच्या मागं डोळा आणला.

कमलिनी चहाचा कप हातात घेऊन दारात थांबली.

"नाही दिसत," बाई म्हणाली.

देवानंदनं श्वास सोडला. त्याला वाटलं आता ती उठेल. तिला हात द्यायला तो पुढंही झाला. पण ती उठली नाही. तिनं एक डोळा मिटला, मान थोडी डावीकडं नेली, थोडी उजवीकडं नेली. कपाळाला आठ्या पडल्या.

"विहीर कुठं गेली?"

विहीर तिथंच होती, मास्तरच्या क्वार्टरच्या उगवतीला. देवानंदनं बोट दाखवलं. गोदामाच्या मागं.

"नाही जी," ती हळूच म्हणाली. "खटक्यावरून मले विहीर दिसे. विहिरीवर गर्दी हाय का नाही ते मी इथूनच पाहो, मंग घागर घेऊन जाओ. रोज पाहो."

तिनं हात पुढं केला. गोदामाच्या भिंतीला बोट लावलं आणि डोळा टाचणीमागून न हलवता ते रुळाच्या कडेनं सरकवू लागली. ते थोडं गेलं, अडखळलं, पुन्हा गेलं. देवानंद बोलू शकला असता. विहिरीचा रहाट भिंतीमागून बाहेर आला तेव्हा तिचं बोट थांबलं. गोदाम अर्धी वीत पुढं गेलं होतं. त्यानं मोजलं नाही. साडेतेरा इंच, म्हणजे एकशे आठ फूट, नजरेनंच कळत होते.

ती तशीच पाहत राहिली. विहीर दिसत होती, आणि विहिरीच्या अलीकडं कुसुमाचं झाड, आणि झाडाखाली डबा, चारही चाकांसकट.

"दिसते," ती म्हणाली. तिनं डोळा टाचणीमागून काढला. "मंग मी पाह्यलंच नसन."

दुपारचं ऊन डोळ्यांवर येत असेल, घरात माणूस तापानं फणफणत असताना कोणाचं लक्ष असतं, असं काहीतरी देवानंद म्हणाला. ते म्हणताना त्याच्या लक्षात आलं की तिनं दगडांबद्दल पुन्हा विचारलं नव्हतं. बाईनं मान हलवली, पण ती त्याच्या बोलण्याला होती की नाही हे कळलं नाही. फळीला धरून ती उठली, तेव्हा कमलिनीनं कप खाली ठेवून तिला दंडाला धरलं.

"उद्या हिरा येनार हाय नं पाह्यले?"

"बोलावलं आहे मी," देवानंद म्हणाला. "पण त्याला काय सांगायचं ते..."

"मी सांगीन. मी येईन उद्या." तिनं गोदामाकडं पाहिलं. "हे हलते. हे इथंच चिकटवा."

देवानंदनं डिंकाची बाटली आणली. गोदाम उचललं, खालच्या कडेला चारही बाजूंनी डिंक लावला, आणि तिनं सरकवलं होतं तिथंच ते टेकवलं. सुकेपर्यंत दाबून धरावं लागतं, असं त्यानं सांगितलं. तो धरायला वाकला तर तिनं त्याचा हात बाजूला केला आणि आपली दोन बोटं पत्र्याच्या छपरावर ठेवली.

"पाच-सात मिनिटं लागतात, मावशी," तो म्हणाला.

"लागू द्या," पंचफुलाबाई म्हणाली.